‘एवढ्या उशिरा कळलं?’ : विज्ञान दिनासाठी मीमच्या ओळी लिहिताना

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाने डिसेंबरच्या सभेत असा ठराव केला की, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जोडून दोन दिवसांचे एकच प्रदर्शन भरवावे. प्रदर्शनाचा विषय होता ‘उशिरा लागलेले शोध’. तरुण सभासदांच्या आग्रहावरून त्याचे स्वरूप मीमचे ठरले: प्रत्येक फलकावर डोळे विस्फारलेला एकच चेहरा, आणि त्याच्याखाली दर वेळी वेगळी ओळ. या ओळी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यानंतर दोन-तीन वाचनालयांतून आणि एका शाळेतून ‘हे नेमके कसे केले’ अशी विचारणा झाली, म्हणून सगळा क्रम इथे लिहून ठेवत आहे.

ठरावाची प्रत मिळाल्यावर मी सर्वांत आधी चित्राचा प्रश्न हाती घेतला, आणि इतरांनीही तसेच करावे असे सुचवेन. मोबाईलवर फिरणारी बहुतेक रिअ‍ॅक्शन मीम्स चित्रपटांतील, मालिकांतील किंवा कार्टूनमधील चित्रांवर बेतलेली असतात, आणि त्यांचा प्रताधिकार कोणाकडे तरी असतो. मित्रमंडळींत पाठवणे वेगळे. नोंदणीकृत संस्थेने ते छापून, आपल्या नावासह भिंतीवर लावणे वेगळे. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे चित्र सर्वांसाठी खुले होते, म्हणून मी जुन्या चित्रांकडे वळले. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कुर्बे यांनी १८४३ ते १८४५ या काळात रंगवलेले एक आत्मचित्र आहे: दोन्ही हात केसांत खुपसलेले, डोळे थेट आपल्यावर रोखलेले, जणू आयुष्यभर समोर असलेली गोष्ट त्या क्षणी दिसली असावी. कुर्बे १८७७ मध्ये वारले, तेव्हा प्रताधिकाराची अडचण नव्हती, आणि विकिमीडिया कॉमन्सवर छपाईला पुरेल एवढ्या मोठ्या आकाराची प्रत मिळाली. कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांना आपल्याकडचा चेहरा हवा होता. त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून शेवटच्या फलकासाठी वाचनालयातील एका वयस्क सभासदांचे, तशाच मुद्रेतील छायाचित्र काढले आणि त्यांची लेखी संमती फाईलला लावली. संमतीपत्रात छायाचित्र कुठे, किती काळ आणि कशासाठी वापरले जाईल हे लिहावे. मुलांचे छायाचित्र असल्यास पालकांची सही घ्यावी.

जानेवारीचा पहिला पंधरवडा शोधांची यादी करण्यात गेला. माझी निवडीची कसोटी अशी होती की, उशीर दोन सालांत मांडता आला पाहिजे आणि तो उशीर सामान्य वाचकाला स्वतःच्या घरातला वाटला पाहिजे. पहिला फलक आपसूकच ठरला. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात ही कल्पना फ्रँकफुर्टमधील व्याख्यानात जानेवारी १९१२ मध्ये मांडली, आणि पुढच्याच महिन्यात, २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांचा जन्म झाला. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत वारले. सागरतळ पसरतो याचे पुरावे मिळून भूशास्त्रज्ञांनी ही कल्पना व्यापकपणे मान्य केली ती १९६० च्या दशकात, म्हणजे तोवर तात्यासाहेबांनी पन्नाशी ओलांडली होती. भाषा दिन आणि विज्ञान दिन एकत्र बांधणारा याहून चांगला धागा मला सापडला नसता. त्याखालची ओळ अशी झाली: ‘नकाशा तोच, भिंत तीच. पन्नास वर्षांनी: अगं बाई, हे तुकडे जुळतात की!’

ओळी लिहिताना जे हळूहळू हाती आले ते थोडे सविस्तर सांगते, कारण खरे काम इथेच आहे. मीमच्या ओळीला दोन भाग लागतात. वरच्या भागात साल आणि घटना कोरडेपणाने सांगायची, खालच्या भागात माणूस बोलला पाहिजे, आणि तो घरी, कचेरीत, एस.टी.त बोलतो तसाच बोलला पाहिजे. वरच्या भागातच गंमत करायला गेले की खालच्या ओळीला काम उरत नाही. दुसरे म्हणजे, हसू उशिरावर आले पाहिजे. ज्याने शोध लावला त्याच्यावर नाही, आणि ज्याला तो ठाऊक नव्हता त्याच्यावरही नाही. ‘एवढंही माहीत नव्हतं?’ अशा सुराच्या ओळी पहिल्या वाचनात हशा मिळवतात, पण प्रदर्शन पाहणारी शाळकरी मुलगी त्यातून एवढेच शिकते की न कळणे लाजिरवाणे असते. मला तिला उलट सांगायचे होते: मोठमोठ्या संस्थांना, नामांकित विद्वानांनाही समोरचे दिसायला पन्नास वर्षे लागतात, तेव्हा तू आज विचारलेला प्रश्न मुळीच उशिराचा नाही.

सर्वांत कमी वेळात जमलेली ओळ डब्यांची होती. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट पीटर ड्युरँड यांना इंग्लंडमध्ये १८१० मध्ये मिळाले. डबा उघडण्याच्या उपकरणाचे अमेरिकेतील पेटंट एझ्रा वॉर्नर यांना मिळाले ते १८५८ मध्ये. मधल्या काळात लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत असत. ‘डबा आला. डबा उघडायचं हत्यार जवळपास पन्नास वर्षांनी आलं. तोवर प्रत्येक घरात: अहो, हातोडी कुठं ठेवलीत?’ यातील ‘जवळपास’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला, कारण इंग्लंडमध्ये वॉर्नर यांच्या थोडे आधीच असे एक हत्यार निघाले होते. नेमका आकडा लिहिला असता तर ओळ अधिक ठसठशीत झाली असती, पण कोणी शिक्षकाने बोट ठेवले असते तर तिचा बचाव करता आला नसता.

याच कारणाने एक आवडती ओळ सोडून द्यावी लागली. माणूस १९६९ मध्ये चंद्रावर उतरला आणि बर्नार्ड सॅडो यांनी चाकांच्या बॅगेच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९७० मध्ये, ही जोडी मीमसाठीच जन्मलेली वाटते, आणि स्टेशनवर सामान उचलून कंबर धरलेल्या माणसाचे वाक्यही माझ्याकडे तयार होते. परंतु बॅगेला चाके लावण्याचे प्रयत्न त्याआधीही झालेले होते. ‘पहिली’ हा शब्द काढला की गंमत उरत नव्हती आणि ठेवला की खोटे होत होते. तो फलक गाळला.

स्कर्व्हीच्या, म्हणजे ताज्या फळांअभावी खलाशांना होणाऱ्या जीवघेण्या रोगाच्या, फलकावर मात्र सर्वांचे पहिल्या वाचनातच एकमत झाले. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये ‘सॅलिस्बरी’ या जहाजावर बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला, आणि संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. ब्रिटिश नौदलाने खलाशांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम काढला १७९५ मध्ये. खालची ओळ: ‘लिंबू मंजूर आहे हो, फाईल वर गेलीय. फक्त साहेबांची सही बाकी.’ ही ओळ मी वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी वाचून दाखवली तेव्हा निवृत्त कर्मचारी मनापासून हसले, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील मुले तेवढी हसली नाहीत. वेगेनरच्या नकाशाचे नेमके उलटे झाले. त्यावरून ठरवले की प्रत्येक ओळ निदान दोन वयोगटांसमोर वाचायची आणि प्रदर्शनात दोन्ही प्रकारच्या ओळी आलटून-पालटून लावायच्या. मनातल्या मनात वाचून ओळीची लय कळत नाही. मोठ्याने वाचल्यावर शेवटचा शब्द कुठे पडतो ते लगेच समजते. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे धक्का देणारा शब्द पुष्कळदा मध्येच अडकतो. तो शेवटी आणण्यासाठी वाक्य मोडावे लागते किंवा क्रियापद गाळावे लागते.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मजकूर तपासणीसाठी दिला. कार्यकारिणीने तपासणीसाठी एक निवृत्त विज्ञान शिक्षिका आणि गावातील एक डॉक्टर नेमले होते. प्रत्येक फलकासाठी मी एक कागद केला होता: विधान, साले, दोन स्वतंत्र आधार आणि खालची ओळ. हा कागद करायला कंटाळा येतो, पण पुढचे सगळे वाद त्याच्यामुळे अर्ध्यावर येतात. कागद दिल्याची पोचपावती आणि आवक क्रमांक घेऊन ठेवावा, कारण पुढे छपाईच्या बिलासोबत ‘मजकूर तपासला’ हा शेरा जोडावा लागतो.

डॉक्टरांनी जठरातील व्रणाच्या फलकावर योग्य दुरुस्ती सुचवली. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू व्रणाला कारणीभूत असतो असे १९८० च्या दशकात दाखवले. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये त्या जंतूचे द्रावण स्वतः प्यायले. तोवर दोष ताणतणावाला आणि तिखटाला दिला जात असे, आणि दोघांना नोबेल मिळाले ते २००५ मध्ये. माझी ओळ होती: ‘सूनबाईच्या रश्श्याला इतकी वर्षं नावं ठेवली, आणि आरोपी निघाला जंतू!’ डॉक्टर म्हणाले, “ओळ राहू द्या ताई, पण खाली बारीक अक्षरात लिहा की काही व्रण वेदनाशामक गोळ्यांनीही होतात आणि दुखत असेल तर तपासणी करून घ्या. नाहीतर उद्या लोक मला येऊन सांगतील, वाचनालयात लिहिलंय.” ती टीप जोडली. आरोग्याविषयीच्या कोणत्याही मीमला अशी टीप असावी असे माझे ठाम मत झाले आहे.

हेलियमच्या फलकावर चर्चा लांबली. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले, त्या वेळी गुंटूरहून ज्यूल्स जान्सन यांनी सौर ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी नॉर्मन लॉकियर यांनी त्या वर्णपटातील पिवळ्या रेषेचा अभ्यास केला, आणि ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना; ती रेषा हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना. कोकणातून आलेल्या एका सदस्यांनी आग्रह धरला की विजयदुर्गाचा उल्लेख हवाच, कारण तिथे हा दिवस साजरा होतो आणि लॉकियर किल्ल्यावर आले होते असे ते लहानपणापासून ऐकत आले होते. लॉकियर यांचे निरीक्षण ऑक्टोबर १८६८ मधले, ग्रहणाशिवाय केलेले आणि इंग्लंडमधले आहे, हे शिक्षिकाबाईंनी कागद दाखवून सांगितले. शेवटी असे ठरले की फलकावर गुंटूर आणि इंग्लंड लिहायचे आणि विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो एवढेच खाली नोंदवायचे. ओळ मात्र सर्वांनाच पसंत पडली: ‘सूर्यावर सापडला. घरात सापडायला २७ वर्षं. (चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या सर्व आजोबांना समर्पित.)’

लोणारचे सरोवर आमच्या प्रदर्शनात असणे मला स्वतःला फार महत्त्वाचे वाटत होते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये असल्यामुळे ते ज्वालामुखीचे मुख असावे असे अनेकांनी दीर्घकाळ मानले. बेसाल्टमध्ये आघाताने तयार झालेल्या काचेसारख्या खनिजाचा आणि विस्कटलेल्या खडकांचा पुरावा देऊन, ते उल्कापाताने झाले आहे हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पक्के झाले. इथे प्रथमच माणसाऐवजी सरोवराला बोलू दिले: ‘सगळे माझ्या पोटात काय आहे ते बघत बसले. अहो, मला वरून लागलंय, वरून!’ शिक्षिकाबाईंनी या एका फलकावर वर्गात अख्खा तास घेता येईल असे लिहून दिले.

अजिंठ्याच्या फलकावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. मद्रास प्रेसिडेन्सीतील अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला आले असता २८ एप्रिल १८१९ रोजी त्यांना लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यातील चित्रावर त्यांनी आपले नाव व तारीख कोरली, असे आपण वाचतो. परंतु आसपासच्या गावकऱ्यांना लेणी ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती कचेऱ्यांना आणि पुस्तकांना. पहिल्या मसुद्यात विस्फारलेले डोळे साहेबाचे होते. मग वाटले की हा चेहरा त्या दिवशी बाजूला उभ्या असलेल्या गुराख्याचा असायला हवा. ओळ अशी ठरली: ‘साहेबांना आज सापडली म्हणे. आम्ही पावसात कुठं उभे राहत होतो मग?’ गुराखी तिथे उभा होता याचा लेखी पुरावा नाही, म्हणून खाली ‘कल्पित संवाद’ असे स्पष्ट छापले. कल्पित आणि घडलेले यांत वाचकाची गल्लत होऊ न देणे ही हसवणाऱ्या मजकुराची जबाबदारी आहे, असे मला मनापासून वाटते.

एका शोधावर ओळ लिहायला मी नकार दिला. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्यांचे म्हणणे बहुतेकांनी मानले नाही, आणि १८६५ मध्ये ते मनोरुग्णालयात वारले. सभेत प्रश्न आला की स्कर्व्हीनेही असंख्य खलाशी मेले, मग तिथे हसू चालते आणि इथे का नाही. प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे नियमासारखे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणाले की लिंबाच्या फलकावर आपण न हलणाऱ्या फाईलला हसतो. इथे कोणतीही ओळ लिहिली तरी डोळ्यांसमोर बाळंतीणच येते, आणि आमच्या गावात आजही अशी घरे आहेत जिथे हे वाचून कोणी गप्प होईल. तो फलक चेहऱ्याशिवाय, ओळीशिवाय, फक्त दोन साले आणि चार वाक्ये असा करायचे ठरले आणि प्रदर्शनाच्या मध्यभागी लावला.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा छपाईच्या कागदपत्रांचा. संस्थेच्या नियमानुसार तीन दरपत्रके मागवली. सनबोर्डसह छपाईचा दर चौरस फुटाला ५५ ते ८० रुपयांपर्यंत होता, आणि मंजूर रक्कम ८,००० रुपये होती. दोन बाय तीन फुटांचे पंधरा फलक, म्हणजे ९० चौरस फूट, मधल्या दराने ५,८५० रुपयांत बसले. रस्त्यावरच्या दोन फ्लेक्ससाठी नगरपरिषदेकडे स्वतंत्र अर्ज, जागेचा नकाशा आणि शुल्क भरावे लागले, आणि मिळालेला परवानगी क्रमांक व मुदत फ्लेक्सवर छापावी लागली. परवानगी हातात आल्याशिवाय फ्लेक्स छापायला देऊ नये, कारण क्रमांक मागाहून चिकटवलेला चालत नाही. आम्हाला ती अर्ज केल्यानंतर आठवड्याहून अधिक काळाने मिळाली.

मराठी मजकूर छापून घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आपण युनिकोडमध्ये लिहितो, आणि अनेक छपाई दुकानांत अजूनही जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. रूपांतर करताना जोडाक्षरे तुटतात, रफार सरकतो, ‘ऱ्या’ चा ‘र्या’ होतो. ‘गावकऱ्यांना’ हा शब्द पहिल्या नमुन्यात ओळखू येत नव्हता. उपाय सोपा आहे: मजकूर स्वतःच पानावर मांडून, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यावी आणि दुकानात काहीही पुन्हा टाइप करू देऊ नये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुक्त परवान्यात मिळतात. मी ओळीसाठी बालू आणि माहितीसाठी मुक्ता वापरला. सहा फुटांवरून वाचता यावे म्हणून ओळ पंधरा-वीस शब्दांच्या आत ठेवावी, आणि एक फलक आधी पूर्ण आकारात छापून भिंतीला लावून पाहावा. त्याचे वेगळे पैसे पडतात, पण ते वाचवू नयेत.

प्रदर्शनाचे दोन दिवस चांगले गेले. पहिल्या दिवशी सकाळी शाळा, संध्याकाळी कुटुंबे. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हामुळे गर्दी ओसरली. मुले ओळी मोठ्याने वाचत एका फलकावरून दुसऱ्याकडे जात होती, आणि मधल्या बिनचेहऱ्याच्या फलकाशी आली की आवाज आपोआप खाली येत होता. मोठ्या मुलींनी तो पूर्ण वाचला आणि हात धुण्यासारख्या साध्या गोष्टीला विरोध का झाला हे डॉक्टरांना विचारले. डॉक्टर बराच वेळ तिथेच उभे राहून उत्तर देत होते.

शेवटच्या फलकावर आमच्या सभासदांचा चेहरा आणि खाली कोरी जागा होती. शेजारी वही-पेन ठेवून लोकांना स्वतःला उशिरा लागलेला शोध लिहायला सांगितले होते. मला भीती होती की लोक लाजतील, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवी वही आणावी लागली. एका निवृत्त लिपिकांनी लिहिले: ‘तीस वर्षं कचेरीत टाइप केलं. एफ आणि जे या कळांवर उंचवटे असतात हे निवृत्तीनंतर नातवानं दाखवलं.’ एका बाईंनी लिहिले की गाडीच्या इंधनकाट्याशेजारच्या बाणावरून टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते कळते, हे त्यांना कळले तेव्हा गाडी विकायला काढली होती. एका मुलाने फक्त एवढे लिहिले: ‘आईला इंग्रजी येतं.’ त्या ओळीला मी काहीही जोडले नाही आणि तशीच टाइप करून घेतली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बिले, मजकूर तपासल्याचा शेरा, परवानगीची प्रत आणि संमतीपत्रे एकत्र करून हिशेब सादर केला. तो त्याच महिन्याच्या सभेत मंजूर झाला. फलक सध्या तालुक्यातील शाळांना आठवड्याच्या बोलीवर, लेखी अर्ज घेऊन दिले जातात, आणि ने-आणीचा खर्च शाळेने करायचा असतो. वहीतील ओळींपैकी ज्यांच्या लेखकांनी नावाशिवाय छापायला होकार दिला आहे, त्यांचा वेगळा संच पुढच्या फेब्रुवारीसाठी तयार करायला घेतला आहे. त्याची दरपत्रके या वेळी नोव्हेंबरमध्येच मागवणार आहोत.